न्यायाधीश किती लागतील, हे आधी मोजा

उन्हाळा आला की आपल्याकडे न्यायालयांच्या सुट्ट्यांवर वाद सुरू होतो. पाच कोटींहून जास्त खटले तुंबलेत आणि न्यायाधीश सुट्टीवर जातात कसे, असा सगळ्यांचा सवाल. इथे जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये ते वाचताना मला राहून राहून वाटतं, आपला राग चुकीच्या ठिकाणी निघतोय.

खटले केवळ माणसं वाढली म्हणून वाढत नाहीत. चाकण-हिंजवडी उभी राहिली की जमिनीचे वाद, रखडलेले फ्लॅट, अपघाताची भरपाई, थकलेली बिलं मागोमाग कोर्टात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ सालच्या व्यवस्थापन योजनेत एक बोलका आकडा आहे: केरळात हजार लोकांमागे वर्षाला सुमारे २८ नवे खटले, झारखंडात ४. शिकलेला, चार पैसे बाळगणारा माणूस हक्कासाठी कोर्टात जाणारच, आणि त्याने जायलाच हवं. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असं सांगितलं होतं. आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही.

‘एकशे अडतीस’च्या, म्हणजे चेक परत आल्यावर कलम १३८ खाली होणाऱ्या केसेस घ्या. १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा झाला. उद्देश चांगला होता, व्यापारात चेकवर विश्वास बसावा हा. पण पुढे कर्जवाटप फोफावलं आणि २००८ पर्यंत देशात असे ३८ लाखांहून जास्त खटले साचले. कायदा करताना त्यासाठी किती कोर्टं लागतील, याचा हिशेबच मांडला नव्हता. माझ्या आतेभावाचा छोटा वर्कशॉप आहे. त्याचा चेक परत आला, तेव्हापासून तो तारखांना हेलपाटे घालतोय, आणि त्या दिवशी मशीन बंद.

जर्मनीत थकबाकीसाठी आधी कोर्टाकडून साधी मागणी-नोटीस काढता येते. समोरच्याने दोन आठवड्यांत हरकत घेतली नाही, तर वसुलीचा रस्ता मोकळा. सुनावणी होते ती हरकत आली तरच. शिवाय कुठल्या प्रकारच्या खटल्याला सरासरी किती मिनिटं लागतात, हे मोजून न्यायाधीशांची गरज ठरवतात. दहा लाखांमागे इथे अडीचशेच्या आसपास न्यायाधीश आहेत. तरी डिझेल गाड्यांचा धूर कमी दाखवण्याच्या घोटाळ्यानंतर स्टुटगार्टच्याच कोर्टांत दाव्यांचा पूर आला होता, आणि २०१५ नंतर निर्वासितांच्या खटल्यांनी प्रशासकीय न्यायालयं वाकली. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही. पण कुठे किती माणसं कमी पडतात, ते आकड्यांत सांगता येतं.

असा हिशेब आपल्याला नवा नाही. नव्या कायद्यामुळे न्यायालयांवर किती भार पडेल आणि खर्च किती येईल, याचा अंदाज विधेयकासोबतच मांडावा, असं न्या. जगन्नाध राव समितीने २००८ मध्येच सुचवलं होतं. कोल्हापूरकरांनी काही दशकं आंदोलनं केली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) मिळालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रत्येक जिल्ह्याने रस्त्यावर उतरायचं का? राज्य सरकार नव्या औद्योगिक वसाहतीला मंजुरी देताना पाणी आणि विजेचा आकडा मांडतं. त्याच कागदावर त्या तालुक्याला किती न्यायाधीश, किती कारकून लागतील हेही लिहावं, आणि आमदारांनी ते अधिवेशनात विचारावं.