गच्चीचं कुलूप सांभाळा

वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी एक तरी उत्साही माणूस निघतोच. दुसऱ्या मजल्यावरचा, नुकताच रिटायर झालेला, हातात प्लास्टिकची फाइल. 'गच्चीवर सोलर बसवूया' म्हणतो. घाबरू नका. विरोध तर अजिबात करू नका, विरोध अडाणी लोक करतात. तुम्ही आधी टाळ्या वाजवा.

मग त्याला बोलू द्या. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. म्हणजे हजार फुटांत १० किलोवॉट, महिन्याला हजार-बाराशे युनिट, लिफ्ट आणि पंपाच्या बिलाला चांगलीच कात्री. वर २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान. हे आकडे खोडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल. शांतपणे एकच शब्द उच्चारा: रीडेव्हलपमेंट. 'बिल्डिंगच पडणार, मग खर्च कशाला?' (आमची बिल्डिंग २०१५ पासून पडते आहे. तेव्हा पॅनेल बसवली असती तर पैसे कधीच वसूल झाले असते. पण असले हिशेब चारचौघांत काढायचे नसतात.)

तरी गडी बधला नाही, तर टॉप फ्लोअरच्या काकूंकडे वळून हळूच विचारा, 'भोकं पाडल्यावर पावसात गळणार नाही ना हो?' पुढचा अर्धा तास त्या सांभाळतात. कुरडया-पापड कुठे वाळवायचे, हाही मुद्दा येईल. गेल्या दहा वर्षांत गच्चीवर कुणी कुरडई घातलेली नाही, पण हक्क तो हक्क.

मग वीज यायची कुठून? अहो, नेहमी येते तिथून! मुंबईची वीज दुसऱ्याच्या अंगणात तयार व्हावी, ही शंभर वर्षांची परंपरा आहे. मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं धरणात जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरायचं ते उतरलंच, वीज मुंबईला यायची ती आलीच. आज डहाणूत कोळसा जळतो, ट्रॉम्बेतही जळतो. इतक्या लोकांनी आपल्यासाठी जागा दिली असताना आपणही हजार फूट द्यायचे म्हणजे त्यांच्या त्यागाचा अपमानच नाही का?

कुणी फारच टोचलं तर 'आपण विकसनशील देश, आपल्याला आधी विकास हवा' म्हणा. हे वाक्य बाविसाव्या मजल्यावरून जास्त शोभतं. हवा स्वच्छ असेल तर तिथून घारापुरी दिसते. गेटवेहून लाँचने तासाभरावर असलेल्या त्या बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती २०१८ साली. तिथल्या माणसांचा धीर पाहा आणि फाइलवाल्याला सांगा, घाई कसली?

मार्चमध्ये अर्थ अवरला, म्हणजे पृथ्वीसाठी तासभर अंधार करायचा त्या दिवशी, दिवे मात्र न चुकता घालवा आणि ग्रुपवर फोटो टाका. एसी चालू ठेवायला हरकत नाही, तो फोटोत येत नाही.

शेवटी उपसमिती नेमा, अध्यक्ष फाइलवाल्यालाच करा. तीन कोटेशन येईपर्यंत पुढची सभा येते. गच्चीची किल्ली तेवढी वॉचमनकडे ठेवू नका. तो वर जाऊन आपले शर्ट वाळत घालतो. आपल्या गच्चीवरची सौरऊर्जा, आणि तीही फुकट!