मठ, घर आणि तिकीटखिडकी

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्टमध्ये ब्यूली नावाचं एक गाव आहे. साउदॅम्प्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे भारतातून पाहुणे आले की तिथे एक चक्कर ठरलेली, कारण मुलांना तिथल्या जुन्या मठाच्या आवारातलं मोटारींचं म्युझियम बघायचं असतं. आणि परतताना गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढा आठशे वर्षांचा मठ, पण त्याची पार जत्रा करून टाकलीय हो!" मला हे अजिबात पटत नाही.

मुळात मठ बांधला कुणी? जॉन राजाने, १२०४ साली. पुढे सरदारांनी ज्याला मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मान्य करायला लावला, तोच हा जॉन. सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथाच्या मठाधिपतींना त्याने पैशांसाठी पुरतं पिडलं होतं. मठात सांगितली जाणारी कथा अशी, की एका रात्री हेच मठाधिपती राजाच्या स्वप्नात आले, त्यांनी त्याला फटकावलं, आणि सकाळी अंग खरोखरच ठणकत होतं. लगेच जमीन दान! कथा खरी असो वा रचलेली, मठवाल्यांनीच ती जपली यातच सगळं आलं.

१५३८ साली आठव्या हेन्रीने मठ मोडला. जागा गेली थॉमस रिझली या त्याच्या दरबाऱ्याकडे. मठातली सगळ्यांत भव्य आणि सगळ्यांत पवित्र इमारत म्हणजे चर्च, आणि तीच आधी पाडली. तिचे दगड समुद्रकिनाऱ्यावरचे हर्स्ट आणि कॅलशॉट हे किल्ले बांधायला गेले. आज त्या जागी हिरवळ आहे आणि भिंती कुठे होत्या याच्या खुणा.

राहिलं काय? जे वापरता येण्यासारखं होतं ते. भिक्षूंचं भोजनगृह गावाचं चर्च झालं. जेवताना एक जण धर्मग्रंथ वाचून दाखवायचा, तो दगडी सज्जा तिथे अजून आहे. इमारत मुळात जेवणासाठी बांधलेली, त्यामुळे इतर चर्चसारखी ती पूर्व-पश्चिम नाही, दक्षिणोत्तर आहे. आणि मठाच्या वेशीची इमारत झाली नव्या मालकाचं घर, आजचं पॅलेस हाउस. खाली कमानदार दगडी छत तसंच आहे, वरच्या दिवाणखान्याच्या जागी एके काळी प्रार्थनाघर होतं. म्हणजे ज्याला 'राजवाडा' म्हणून आपण फोटो काढतो, तो खरं तर मठाचा दरवाजा आहे, त्यात एकोणिसाव्या शतकात बरीच भर घातलेला.

पुढे लग्नसंबंधातून ही जागा माँटेग्यू घराण्यात आली. "शतकानुशतकं एकाच कुटुंबाचं घर" ही जाहिरात ऐकायला गोड, पण सुरुवात राजाने हिसकावलेल्या मालमत्तेने झाली हे विसरायचं नाही. एक मात्र मान्य करायला हवं: ज्या मठांना असा राहणारा वारस मिळाला नाही, त्यांचे दगड आसपासच्या गोठ्यांत आणि कुंपणांत जिरले.

आता मोटारींकडे येऊ, कारण लोकांना खटकतात त्या मोटारीच. या घराण्यातले दुसरे लॉर्ड, जॉन माँटेग्यू, हे इंग्लंडमधल्या मोटारींच्या अगदी पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी एक. १९१५ च्या अखेरीस ते भारत सरकारचे मोटार-वाहतुकीचे सल्लागार म्हणून मुंबईला जाणाऱ्या 'पर्शिया' जहाजातून निघाले होते. ३० डिसेंबरला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यात त्यांच्या सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटनही. रोल्स-रॉइसच्या टोपणावर जी पंखवाली बाई असते ना, तिच्यासाठी याच एलिनॉर मॉडेल होत्या असं मानलं जातं. लॉर्डसाहेब वाचले, आणि परतल्यावर वर्तमानपत्रांतले स्वतःचेच मृत्युलेख त्यांना वाचायला मिळाले.

त्यांचा मुलगा एडवर्ड दोन वर्षांचा असताना लॉर्ड झाला. वयात आल्यावर हाती आलं ते प्रचंड घर आणि न झेपणारा खर्च. १९५२ साली त्याने घर लोकांना खुलं केलं आणि वडिलांची आठवण म्हणून पुढच्या दालनात मोजक्या जुन्या मोटारी मांडल्या. त्याचंच पुढे १९७२ साली राष्ट्रीय मोटार म्युझियम झालं. मधल्या काळात, १९५४ मध्ये, समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून या माणसाला एक वर्षाची शिक्षा झाली. खटला इतका गाजला, की त्यानंतर या कायद्याचा फेरविचार करायला वुल्फेंडन समिती नेमली गेली आणि १९६७ साली कायदा बदलला. (त्याच इंग्रजांनी आपल्याला दिलेलं कलम ३७७ आपण २०१८ पर्यंत सांभाळलं.) तुरुंगातून सुटल्यावर तो तोंड लपवून बसला नाही. त्याच घरात परतला आणि तिथे जाझ महोत्सव भरवू लागला. १९६० साली महोत्सवात दंगल झाली, पुढच्या वर्षी तो बंद पडला. पुढे हाच माणूस इंग्लंडच्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला.

म्हणून मी म्हणतो, जत्रा म्हणा हवं तर, पण या जागेच्या आठशे वर्षांतला सगळ्यांत सरळ व्यवहार तिकीटखिडकीवरचाच आहे. एका राजाने ती भीतीपोटी दिली, दुसऱ्याने जोरजबरीने घेतली, दरबाऱ्याने पडत्या भावात उचलली. आपल्याकडून मात्र पाटीवर लिहिलेले तेवढेच पैसे घेतात. (तिकीट महाग आहे, ते वेगळं.)

माझी खरी तक्रार आपल्याच लोकांबद्दल आहे. मोटारी बघून होतात, आइस्क्रीम होतं, आणि मठाच्या ओवऱ्यांकडे कुणी फिरकत नाही. तिथे भिंतीवर १९६९ साली लावलेला एक स्मृतिफलक आहे. दुसऱ्या महायुद्धात या इस्टेटीवरच्या घरांमध्ये हेरांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा चालायचा, त्यांच्यासाठी. इथे शिकलेल्यांपैकी एक नूर इनायत खान. वडील इनायत खान बडोद्याचे, आणि पणजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीरावांच्या बडोद्यात गायनशाळा सुरू करणारे. इथल्या मुख्य अधिकाऱ्याने तिच्याबद्दल प्रतिकूल शेरा लिहिला, तरी १९४३ च्या जूनमध्ये तिला फ्रान्सला पाठवलं. पॅरिसमधले सहकारी एकामागून एक पकडले जात असतानाही ती वायरलेस सांभाळत राहिली. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. गायनशाळेचं नाव घराघरांत माहीत असलेल्या आपल्या लोकांनी त्या फलकासमोरून न बघता जावं, याचा मला राग येतो.

तेव्हा कुणी जाणार असाल तर आधी ओवऱ्या, मग भोजनगृहाचं चर्च, मग घर, आणि मोटारी सगळ्यांत शेवटी. मुलं कुरकुर करतील, करू देत. मोनोरेल म्युझियमच्या इमारतीतूनच जाते, तिच्यात मात्र नक्की बसा. मोठ्यांनाही तेवढीच मजा येते.