बीजगणिताचा रंग

विद्यापीठाच्या गणित विभागाचे स्वतंत्र ग्रंथालय ही बाहेरच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्यासारखीची मोठी सोय आहे, असे मी गेल्या मंगळवारपर्यंत मानत होते. ओळखपत्र, प्राचार्यांचे पत्र आणि त्या पत्राची झेरॉक्स असा नैवेद्य दाखवून मी आत शिरले, कार्डांच्या खणातून पुस्तकाचा क्रमांक शोधला आणि ५१२ ने सुरू होणारी चिठ्ठी टेबलामागच्या काकांपुढे ठेवली.

काकांनी ती वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. "रंग कोणता?"

"काका, बीजगणिताचं पुस्तक आहे."

"ते कळलं हो मॅडम. बीजगणिताचा रंग कोणता?"

उलगडा असा झाला की, मूल्यांकन समिती येणार म्हणून ग्रंथालय 'नीटनेटके' करण्याचा वरून आदेश आला होता, आणि ड्यूईच्या दशांश पद्धतीने ५१२ वर बीजगणित, ५१४ वर टोपॉलॉजी, ५१५ वर विश्लेषण अशी लावलेली पुस्तके फोटोत फार विस्कळीत दिसत होती. म्हणून साडीच्या दुकानात लावतात तशी ती रंगवार लावण्यात आली. स्प्रिंगरच्या पदव्युत्तर मालिकेतली पिवळी पुस्तके, मग त्यांत संख्या सिद्धांत असो वा भूमिती, दर्शनी काचेच्या कपाटात गेली, निळी खिडकीपाशी आली आणि उरलेल्यांवर 'इतर' अशी पट्टी चिकटली. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे ठेवून कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, हे १९७६ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध करावे लागले; इथे संपूर्ण गणितशास्त्राची बोळवण तिनांत झाली होती, तीही विनासायास.

"माझं पुस्तक नवीन बांधणी केलेलं आहे," मी म्हणाले.

"मग इतर. इतरला कुलूप असतं."

"ते का?"

"दिसायला बरं नाही ना ते."

"पण समिती येऊन गेली ना?"

"मार्चमध्येच गेली."

"मग पुस्तकं पुन्हा क्रमाने का लावत नाही?"

काकांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिले. "मॅडम, पाच वर्षांनी परत येणारच आहे की ती."

'पुस्तके वापरासाठी आहेत' आणि 'वाचकाचा वेळ वाचवा' ही ग्रंथालयशास्त्राची सूत्रे १९३१ साली मांडणारे रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणितच शिकवत होते, हे आठवून मला खरोखर संताप आला. काकांवर नव्हे, ते सांगितलेले काम करत होते. ज्यांनी ते सांगितले, त्यांना नियतकालिकांच्या वर्गणीसाठी पैसे मिळत नाहीत, मात्र काचेच्या कपाटांसाठी मिळतात, आणि त्या कपाटांतले एखादे पुस्तक कोणी मागेल ही शक्यता त्यांच्या कोणत्याही तक्त्यात नसते.

किल्ली यथावकाश आली, पुस्तकही सापडले. काकांनी मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहिली. "१९९४ नंतर कोणी नेलेलं नाही. म्हणजे दुर्मीळ. दुर्मीळ बाहेर जात नाही."

आत बसून वाचावे, तर वाचनकक्षातल्या खुर्च्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी वह्या ठेवून अडवलेल्या होत्या. शेवटी मी दोन कपाटांच्या मधल्या बोळात उभ्यानेच ती सिद्धता उतरवून घेतली, आणि काका अधूनमधून येऊन पुस्तक अजून तपकिरीच आहे ना, याची खात्री करून गेले.