‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘पोट बिघडलं: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?’ या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. स्पष्टच बोलायचं तर खरं नाव लिहायला काय हरकत होती, कोण जाणे. तर ती प्रतिक्रिया अशी:

“लेख भडक आहे. मेडिकलात बसून पाकिटं मोजणाऱ्या बाईंनी डॉक्टरकी शिकवू नये. आमची आजी ताकभातावर अख्खं घर बरं करायची. भगरीची उगाच बदनामी केली आहे. आणि गावात रात्री डॉक्टरच नसतो, तिथे ‘ताबडतोब दवाखाना गाठा’ लिहून उपयोग काय?”

शीर्षकाच्या वरचं लाल अक्षरातलं ‘सावधान!’ जरा जास्तच झालं, मान्य. काढून टाकलं आहे.

आता पाकिटं. हो, मोजते. माझे वडील याच काउंटरवर मोजायचे, डी. फार्म. करून मी त्यांच्या जागी बसले. ‘बाईंनी’ या शब्दावर मी काही बोलत नाही, वाचक समजून घेतील. पण एकादशीनंतरची किंवा महाशिवरात्रीनंतरची सकाळ आमच्या भागात कशी उजाडते, हे डॉक्टरांच्याही आधी मेडिकलवाल्याला कळतं. शटर अर्धं वर गेलेलं असतं आणि खालून वाकून कुणीतरी म्हणतं, “जुलाब बंद व्हायची गोळी द्या.”

अशाच एका सकाळी एक ताई आल्या. नवरा बाहेर ऑटोत बसलेला. गोळी मागितली. मी विचारलं, त्यांना लघवी कधी झाली? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं! मग म्हणाल्या, “काल झोपायच्या आधी.” तेव्हा दहा वाजून गेले होते. मी बाहेर जाऊन बघितलं. जीभ कोरडी ठाक, डोळे खोल गेलेले, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती उभीच राहिली, मग हळूहळू खाली बसली. ताप होता, शौचातून रक्तही पडत होतं. अशा वेळी ती गोळी आतड्याची हालचाल मंदावते, म्हणजे जी घाण बाहेर पडायला हवी ती आतच राहते. मी गोळी दिली नाही, ऑटो तसाच सरकारी दवाखान्याकडे वळवायला लावला. तुमच्या हिशेबाने ही डॉक्टरकी. माझ्या हिशेबाने ते हातचं गेलेलं गिऱ्हाईक, पण असो.

आणि लेखात मी एका तरी औषधाचा डोस लिहिला आहे का? दाखवा. मी लिहिलं ते एवढंच: घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, शौचातून रक्त पडतं, ताप 102 च्या वर जातो, सहा-आठ तास लघवी नाही, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, जुलाब तीन दिवसांनंतरही थांबत नाहीत, यातलं काहीही झालं तर घरी बसू नका. एकाचे दोन दिसायला लागले किंवा गिळता येईना, तर एक मिनिटही थांबू नका. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस, साखरेचा किंवा किडनीचा पेशंट यांच्या बाबतीत उद्यावर टाकू नका. बाकी बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरीच बरं वाटतं, हे वाक्य दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचला नसाल, तर तो दोष माझा नाही.

आजींना माझा नमस्कार. उलटी थांबल्यावर ताकभात चांगलाच, मी कुठे नाही म्हटलं?

भगरीची बदनामी मी कशाला करू, मी स्वतः खाते. पण ओल धरलेल्या भगरीवर बुरशी येते, तिचं विष शिजवून जातंच असं नाही, आणि सुट्टं पीठ तर आणूच नये. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. बीबी गावच्या दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो मी काढलेले नाहीत, सगळ्या पेपरांत आले होते.

रात्री डॉक्टर नसण्याबद्दल मी काय करणार? तो सरकारचा विषय. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ओआरएस (पाकिटातली मीठ-साखरेची पूड कालवलेलं पाणी) चमच्याचमच्याने पाजत राहा.

यापुढे नाव लिहून आलेल्या प्रतिक्रियेलाच उत्तर देईन. आणि ज्या पाकिटांचा तुम्हाला एवढा राग, त्यांच्याबद्दल इतर वाचकांसाठी: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटं 200 मिलीमध्ये, पूर्ण पाकीट एकाच वेळी कालवा. अर्धं आज, अर्धं उद्या करू नका. कालवलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या.