‘पान आहे, मग डोमेन कशाला?’ या दाव्याला उत्तर

‘फेसबुक-इन्स्टाग्रामवर पान आणि व्हॉट्सॲपवर क्रमांक असेल, तर व्यवसायाने स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाच्या आणि ईमेलच्या पत्त्यात वापरायचे नोंदवलेले नाव) घेणे हा वायफळ खर्च आहे; शिवाय डोमेनही शेवटी भाड्याचेच असते,’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. त्यावर विसंबून राहिलेल्या लहान व्यावसायिकाला आपले नुकसान फार उशिरा कळते, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ग्राहक समाजमाध्यमांवर आहेत हे खरेच आहे आणि तिथले पान बंद करावे असे कोणी म्हणत नाही. पण ते पान उद्या दिसेनासे झाले, तर ग्राहकाने कुठे यायचे? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास एकदमच बंद पडल्या, म्हणजे दाव्यातले पानही गेले आणि क्रमांकही. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतून) दिलेली मोफत संकेतस्थळे तर मार्च २०२४ मध्ये कायमचीच बंद केली. पाट्यांवर आणि बिलांवर तो मोफत पत्ता छापलेल्यांना सगळे नव्याने छापावे लागणार होते, तर स्वतःचे डोमेन असलेल्याला तेच नाव दुसऱ्या सर्व्हरकडे वळवणे पुरेसे होते.

खर्चाच्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. मोठा खर्च संकेतस्थळ बनवण्याचा असतो, नाव नोंदवण्याचा नव्हे. संकेतस्थळ नसतानाही डोमेन नोंदवता येते, ते सध्याच्या पानाकडे वळवता येते आणि त्यावर ईमेल चालवता येते. हा ईमेलचा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सेवा देणारी कंपनी बदलली तरी डोमेनच्या एमएक्स नोंदी (त्या नावावर आलेली पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणाऱ्या नोंदी) बदलून पत्ता तोच ठेवता येतो, आणि आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत हे एसपीएफ (परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी) व डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली) या नोंदींद्वारे आपणच जाहीर करू शकतो. मोफत ईमेल पत्त्यावर हा अधिकार मिळत नाही.

डोमेन भाड्याचे असते, हे मान्य. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मात्र हे भाडे कोणाकडे भरायचे हे आपण ठरवतो: एका रजिस्ट्रारशी (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीशी) पटले नाही, तर हस्तांतरणाचा कोड घेऊन तेच नाव दुसऱ्याकडे नेता येते. समाजमाध्यमावरच्या पानाला अशी सोय नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याविषयी तो मजकूर काहीच सांगत नाही. पुष्कळदा संकेतस्थळ करून देणारा माणूस डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवतो, आणि संबंध बिघडल्यावर ते परत मिळवणे जिकिरीचे होते. नोंदणीधारक म्हणून व्यवसायाचे नाव आहे ना, हे आजच तपासावे. रजिस्ट्रारकडील खात्याला मात्र त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता देऊ नये, कारण नोंदणीची मुदत संपून डोमेन बंद पडले, तर त्याविषयीचे पत्रही त्या पत्त्यावर पोहोचणार नाही.