‘फायरवॉल बंद करा, लगेच जोडतंय’: रिमोट डेस्कटॉपच्या फिरत्या मेसेजला उत्तर

रिटर्न भरायची वीस तारीख जवळ आली की कोल्हापुरातल्या कर सल्लागारांच्या आणि हिशेबाचं काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर रिमोट डेस्कटॉपबद्दलचा, म्हणजे एका संगणकावरून दूरचा दुसरा संगणक चालवायच्या विंडोजमधल्या सोयीबद्दलचा, एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘रिमोट डेस्कटॉप जोडत नाही? फायरवॉल बंद करा. एनएलएची खूण काढा. क्रेडएसएसपीचा एरर आला तर रजिस्ट्रीत २ टाका. घरून जोडायला राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा, भीती वाटत असेल तर पोर्टचा नंबर बदला. स्लो चालतंय तर नेटचा प्लॅन वाढवा. नाहीतरी मायक्रोसॉफ्टनं रिमोट डेस्कटॉप बंदच केलंय.’

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरीतल्या ऑफिसांचे संगणक सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हा मेसेज डोळ्याआड करता येत नाही. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै आपण विसरलेलो नाही. पंचगंगेचं पाणी शहरात आलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि घरून काम करता येणं ही चैन राहिली नाही. त्या ऑफिसच्या संगणकात दुसऱ्यांची खाती, पगारपत्रकं, बँकेचे तपशील असतात. म्हणून यातल्या एकेका सल्ल्याचं उत्तर सविस्तर देतोय.

आधी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून संगणकात काय येऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी. ती बंद केल्यावर काही वेळा खरंच जोडतं, म्हणून लोकांचा या सल्ल्यावर विश्वास बसतो. पण अडलेलं असतं एका नियमावर आणि आपण दारं उघडतो सगळी. विंडोजच्या सेटिंग्जमधून रिमोट डेस्कटॉप चालू केलं की फायरवॉलमधला त्याचा नियम विंडोज स्वतःच चालू करतं. तरीही अडत असेल तर ‘फायरवॉलमधून परवानगी दिलेले अ‍ॅप’ ही यादी उघडा. रिमोट डेस्कटॉपच्या ओळीसमोर प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन रकाने दिसतील. खूण फक्त प्रायव्हेटला आहे आणि ऑफिसचं वायफाय विंडोजनं पब्लिक धरलंय, एवढंच कारण पुष्कळदा निघतं. ऑफिसचं नेटवर्क प्रायव्हेट करा, काम झालं. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथंही बघा.

त्याहीआधी अडलंय कुठं ते तपासायला हवं. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्या, पुढं त्या संगणकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार). उत्तराच्या शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे आणि फायरवॉलचा काही दोष नाही. ‘फॉल्स’ आलं तर साध्या गोष्टी बघा: समोरचा संगणक स्लीपमध्ये गेलाय का, राउटरनं त्याचा आयपी बदललाय का, आणि त्यावर विंडोज होम तर नाही ना. होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाला जोडता येतं, पण होमच्या संगणकात रिमोट डेस्कटॉपनं शिरता येत नाही. त्याला प्रो लागतं. तिथं फायरवॉल कितीही बंद ठेवली तरी फरक पडणार नाही.

एनएलएची खूण काढायचा सल्ला याहून वाईट. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन म्हणजे आधी ओळख पटवायची, मग समोरच्या संगणकानं पडदा उघडायचा. ती काढली की पोर्टपर्यंत पोचलेल्या कुणाहीसमोर थेट लॉगिनचा पडदा येतो. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड न देताच संगणक ताब्यात घेता येईल अशी ती होती, आणि मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी आधार संपलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा दुरुस्ती दिली. एनएलए चालू असलेल्या संगणकावर मात्र हल्लेखोराला आधी खरा युजर आणि पासवर्ड लागत होता. ही त्रुटी विंडोज ७ मध्येही होती, आणि विंडोज ७ आपल्याकडं कारखान्यांतल्या मशिनांना जोडलेल्या संगणकांवर अजून दिसतं.

शिवाय ज्या तक्रारीसाठी लोक ही खूण काढतात तिचं कारण बहुधा वेगळंच असतं. शाहूपुरीतल्या एका ऑफिसात घरून जोडणाऱ्या मुलीला ‘तुमचे क्रेडेन्शियल चालले नाहीत’ असंच येत होतं. मी म्हटलं, माझ्यासमोर टाइप कर. तिनं पासवर्डच्या चौकटीत चार आकडे टाकले. तो तिचा विंडोज हॅलोचा पिन होता, रोज सकाळी ऑफिसात बसल्यावर टाकायचा. पिन त्याच एका संगणकापुरता असतो, रिमोट डेस्कटॉपला तो चालत नाही. तिथं मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो. ऑफिसच्या संगणकावर सेटिंग्जमधला ‘फक्त विंडोज हॅलोनं साइन इन’ हा पर्याय बंद केला, एकदा पासवर्डनं लॉगिन केलं, आणि घरून जोडलं गेलं. एनएलएला हात लावावा लागला नाही.

खात्याला पासवर्डच नसेल तरीही जोडत नाही, कारण रिकाम्या पासवर्डनं नेटवर्कवरून शिरायला विंडोज मुळातच मनाई करतं. लोकल खातं असेल तर युजरनेमच्या आधी संगणकाचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्यावी. पासवर्डची मुदत संपली असेल तर एनएलए आत सोडत नाही. तो प्रत्यक्ष संगणकावर बसून बदलावा.

क्रेडएसएसपी म्हणजे रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्ड समोरच्या संगणकापर्यंत पोचवणारी यंत्रणा. तिच्या एररबद्दल फार बोलायला नको. मार्च २०१८ मध्ये तिच्यातल्या एका त्रुटीची दुरुस्ती आली आणि मे २०१८ पासून अपडेट झालेला संगणक अपडेट न झालेल्याशी बोलायला नकार देऊ लागला. एरर सांगतोय की दोन्हीपैकी एक बाजू जुनी राहिलीय. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) २ टाकणं म्हणजे ‘धोका असला तरी चालेल’ असं लिहून देणं, आणि तो आकडा पुढं कुणी काढतही नाही. अपडेट करा, एरर जातो.

आता पोर्ट. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं होतं. राउटरवर ३३८९ उघडला की तो संगणक सगळ्या जगाला दिसतो. इंटरनेट चाळत बसलेले प्रोग्रॅम त्याला शोधतात आणि पासवर्ड लावून बघत राहतात. रॅन्समवेअरवाल्यांची, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांची, ही जुनी वाट आहे, धर्मा नावाचं रॅन्समवेअर याच रस्त्यानं पसरलं. एफबीआयनं सप्टेंबर २०१८ मध्ये रिमोट डेस्कटॉपच्या गैरवापराबद्दल जाहीर इशारा दिला होता. आत शिरलेला माणूस टॅलीचा डेटा कुलूपबंद करतोच, शिवाय त्याच संगणकाला जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही सोडत नाही.

‘नंबर बदला’ यानं फसलेल्या लॉगिनच्या नोंदींमधली गर्दी तेवढी कमी होते. एकूण पोर्ट ६५,५३५ आणि ते सगळे तपासायला यंत्राला वेळ लागत नाही. कुठल्याही नंबरवर रिमोट डेस्कटॉप आपल्या उत्तरावरून ओळखू येतं. घराचा नंबर बदलला म्हणून कुलूप लावायचं राहिलेलं भरून निघत नाही.

आणखी एक. पोर्ट उघडूनही अनेकांचं जोडतच नाही, कारण बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुमच्या नेटवाल्यानं एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय. मग राउटरवर तासन्‌तास खटपट करून उपयोग नाही.

योग्य रस्ता व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी, बंदिस्त बोगद्याचा. आधी व्हीपीएन, त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. टेलस्केलसारखी व्हीपीएनची सोय वाटून दिलेल्या आयपीमागूनही चालते आणि राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. स्वतःचा सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा. मोठ्या ऑफिसात विंडोज सर्व्हर असेल तर रिमोट डेस्कटॉप गेटवे. यातलं काहीही करा, खात्याला लांब पासवर्ड आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक होण्याची मर्यादा ठेवाच.

स्लो चालण्याबद्दल. पडद्याचं चित्र ऑफिसातून घरी येतं, म्हणजे घरच्या डाउनलोडइतकाच ऑफिसचा अपलोड महत्त्वाचा. आणि बटण दाबल्यावर अक्षर उमटायला वेळ लागतो तो पिंगमुळं, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळामुळं. प्लॅन वाढवून पिंग कमी होईलच असं नाही. वायफायऐवजी केबल लावली तर पुष्कळदा होतो. क्लायंटमध्ये, म्हणजे घरून जोडायला उघडतो त्या खिडकीत, ‘शो ऑप्शन्स’ दाबून एक्सपीरियन्सच्या टॅबमध्ये वॉलपेपर आणि अ‍ॅनिमेशनच्या खुणा काढा, बिटमॅप कॅशिंगची राहू द्या. पडदा मधेच गोठत असेल तर क्लायंटवर यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) बंद करून बघा. काही व्हीपीएनवर तोच अडतो. ऑफिसच्या सेशनमध्ये टॅली उघडून डेटा मात्र घरच्या संगणकावरचा, असं कुणी करत असेल तर ते रांगणारच. डेटा ऑफिसच्याच डिस्कवर ठेवा.

राहिलं ‘मायक्रोसॉफ्टनं बंद केलंय’. २७ मे २०२५ नंतर आधार संपला तो स्टोअरमधून घ्यायच्या ‘रिमोट डेस्कटॉप’ या अ‍ॅपचा, त्याच्या जागी ‘विंडोज अ‍ॅप’ आलं. विंडोजमध्येच असलेलं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन त्या घोषणेत नव्हतं. स्टार्टमध्ये एमएसटीएससी (mstsc) टाइप केलं की ते उघडतं.

या अफवेच्या जोडीनं ‘नवीन क्लायंटची सेटिंग’ म्हणून एखादी आरडीपी फाइल (रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीची सेटिंग साठवलेली) आली तर ती उघडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिडनाइट ब्लिझर्ड या टोळीनं ईमेलमधून अशाच फाइली पाठवल्या होत्या. फाइल उघडली की संगणक टोळीच्या सर्व्हरला जोडला जायचा आणि उघडणाऱ्याच्या ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर तिकडं खुले व्हायचे. पत्ता स्वतःच्या हातानं टाइप करा, आणि लोकल रिसोर्सेसच्या टॅबमधली ड्राइव्हची खूण गरज नसेल तेव्हा काढलेली ठेवा.