फटीचा फटका

आमच्या घरात दोन माणसं मातीवर जगतात. बाबा तिच्यात पऱ्हाटी लावतात, मी माती पितळेच्या नळीत कोंबतो. पीक दोघांचंही बेभरवशाचं.

नळी म्हणजे वेव्हगाइड, मायक्रोवेव्ह लहरींची वाट. आतून 22.86 मिलिमीटर रुंद आणि 10.16 उंच, काडेपेटीची धाकटी बहीण. एकीकडून साडेनऊ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडायच्या, मातीवर आपटून किती परत आल्या ते पाहायचं आणि त्यावरून तिचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची कुवत सांगणारा आकडा, काढायचा. कोरड्या मातीचा तीन-चार, पाण्याचा साठाच्या आसपास. म्हणून आकड्यावरून ओल कळते. पीएचडीच्या अर्जात हे फार गोंडस दिसलं होतं.

पहिल्या दिवशी टेफ्लॉनचा तुकडा घातला. आकडा दोनच्या जवळ, पुस्तकात आहे तसाच. मी कॉलेजभर पेढे वाटले.

मग आली माती. मे महिना, लाइट गेलेली. ओली माती अंगठ्यानं दाबदाबून भरली आणि वाळायला ठेवली. सकाळी नळी उचलली तर आत ढेकूळ वाजतंय! लॅबमधले भाऊ म्हणाले, "सर, हा खुळखुळा माह्या नातवाले नेऊ काय?"

काळी माती वाळली की आकसते, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उन्हाळ्यात वावरातून चाललं की भेगेत चप्पल अडकते. एमएस्सी होता होता मी तेवढं विसरलो होतो.

मग सुक्या मातीची दाबून वडी केली आणि ती घासून मापात आणायला लेथवाल्या मिस्त्रीकडे गेलो. तो थ्रेशरचे शाफ्ट करतो. "एखादं सूत इकडंतिकडं चालते ना सर?" एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर. मला वहीच्या कागदाएवढी फटसुद्धा परवडत नव्हती.

कारण या नळीतलं विद्युत क्षेत्र उभं असतं, तळापासून छतापर्यंत. मधोमध सर्वांत जोरात, दोन्ही कडेच्या भिंतींशी शून्य. कडेला फट राहिली तर कोणी विचारत नाही. छताशी राहिली की मेलो. तिथं हवा आणि माती एकामागे एक जोडलेल्या दोन कपॅसिटरसारख्या (वीज साठवणाऱ्या डब्यांसारख्या) बसतात आणि टीचभर हवा सगळा हिशेब बिघडवते. खरा आकडा दहा असेल, तर 0.1 मिलिमीटर फटीनं 9.2 दिसतो. पन्नास असेल तर चौतिसाच्याही खाली! ज्याचं गाठोडं मोठं, त्याचीच जास्त लूट. दोनवाल्या टेफ्लॉनकडे लुटण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून माझे पेढे झाले.

आणि वडी वजनानं खाली बसते, म्हणजे फट नेमकी वरच. मी मात्र आठवडाभर कडेच्या फटी बुजवत बसलो होतो. त्या दिसत होत्या ना!

फट मोजता आली तर सूत्रानं आकडा सुधारता येतो. म्हणून गॅरेजवाल्याकडून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, मागून आणला. "कोण्या गाडीचं टॅपेट हाय सर?" मी म्हटलं, मातीचं. त्यानंतर तो माझ्याशी जरा सांभाळून बोलतो. फट एका कोपऱ्यात 0.1, दुसऱ्यात 0.2 निघाली. आता सूत्रात कोणती घालू?

गाइड फोनवर म्हणाले, वडीला वरून-खालून चांदीचा पेंट लावा, म्हणजे फटीत हवेऐवजी धातू. लावला. कोरडी माती ती, घटाघट प्यायली. महागडी बाटली गेली, वडी नुसती करडी झाली.

संध्याकाळी बाबा लॅबमध्ये आले. कधी येत नाहीत, खताच्या दुकानात काम होतं म्हणून डोकावले.

"काय मोजून राह्यला बे?"

"भेगा."

"मंग डवरा मार ना. भेगा बुजते, ओलही राह्यते."

मग त्यांनी नळी डोळ्याशी धरली, आरपार पाहिलं, उलटी करून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"याच्यात बैल कोण्या बाजूनं घालतं?"